दहा वीसचा विस्मय

बदलापूरला कात्रपच्या टायनी टेलिस्कोप प्री-स्कूलमध्ये सोमवारपासून विस्मय सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुरू होईल आणि दहा पस्तीसला संपेल, असं ठरलं. दहा पस्तीसला डबा. आधी विस्मय डब्यानंतर ठेवून पाहिला होता. पण पोळीभाजी पोटात गेली की साडेतीन-चार वर्षांचं माणूस कशालाच दाद देत नाही, असा अनुभव आला.

शाळा इमारतीच्या तळमजल्यावर होती. एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला ब्युटी पार्लर आणि मधे नर्सरी. पूर्वी इथं पार्किंग होतं. खांबांना जिराफाचे ठिपके काढले आणि पार्लरकडच्या भिंतीवर इंद्रधनुष्य रंगवलं, की पार्किंगची नर्सरी होते. त्याला फार वेळ लागत नाही.

नर्सरीच्या वर्गावर माया होती. ती पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहायची, रोज रेल्वेचा पूल चढून पूर्वेला यायची आणि सहा वर्षं हेच काम करत आली होती. एवढ्या वर्षांत मुलांचा विस्मय तिनं पुष्कळ पाहिला होता, पण तो नेहमी अडचणीच्या वेळी यायचा. रांग निघाली असताना मधलंच एक पोर बसकण मारून नळाचा थेंब बघत बसायचं आणि मागची अकरा त्याच्यावर आपटायची. अशा वेळी "चल रे बाळा, पुढे हो" म्हणायचं असतं. आता त्याच गोष्टीचं मुख्य कार्यालयाकडून परिपत्रक आलं होतं.

*विषय : बालकांच्या विस्मयाबाबत.*

*१. प्रत्येक बालकास आठवड्यातून किमान तीन वेळा विस्मय वाटेल, याची दक्षता वर्गशिक्षिकेने घ्यावी.*

*२. विस्मय वाटत असताना बालकाचा चेहरा फोटोत स्पष्ट दिसावा. पाठमोरा विस्मय ग्राह्य धरला जाणार नाही.*

*३. सत्रअखेर ज्या बालकाचा विस्मय अपूर्ण राहील, त्यास ज्युनिअर केजीत घेऊ नये. नर्सरीचे वर्ष पुन्हा करवून घ्यावे.*

*४. विस्मयासाठी लागणारे साहित्य पेटीतून पाठवत आहोत. पेटी उघडताना बालकांना दूर ठेवावे.*

पेटीत डोळे मिचकावणारा एक डायनासोर, बुडबुडे सोडणारं एक यंत्र आणि चित्रांची बारा पुस्तकं निघाली. पुस्तकं प्लास्टिकमध्ये घट्ट बंद होती.

"मॅडम, प्लास्टिक काढू ना?" मायानं विचारलं.

वृंदा मॅडम शाळेच्या मालकीण. स्वभावानं वाईट नव्हत्या, पण मुख्य कार्यालयाचा मेल आला की त्यांचा स्वभाव थोडा वेळ बाजूला ठेवला जायचा. "नको गं बाई," त्या म्हणाल्या. "सुस्थितीत परत द्यायचीत. कव्हर दिसतंय ना? या वयात मुलांना काय, कव्हरच."

"मग वाचायचं काय?"

"वाचायचं कुठे म्हटलंय? पुस्तकांच्या सान्निध्यात ठेवा म्हटलंय."

मायानं रोज तेच एक पुस्तक हातात धरायचं, कव्हरवरच्या हत्तीकडे बघायचं आणि मनानं गोष्ट सांगायची, असं सुरू केलं. सोमवारी तो हत्ती अंबरनाथला आत्याकडे निघाला. मंगळवारी त्याच हत्तीला शेअर रिक्षात चौथी सीट मिळेना. बुधवारी तो मुळात हत्ती नव्हताच. चोवीस मुलांची अशी पक्की समजूत झाली की पुस्तक रात्रीतून बदलतं, म्हणून ते गच्च बांधून ठेवलंय. मुलं सकाळी आल्या आल्या विचारायची, "मॅम, आज हत्तीनं आत काय केलं?" या प्रश्नासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

नोंदवहीत रकाना होता तो 'वॉव'चा, आणि त्यात शौनक आघाडीवर होता. शौनक वृंदा मॅडमचा मुलगा. त्याला डायनासोर दाखवला की वॉव. डायनासोर उचलून नेला की वॉव. मावशी फरशी पुसायची बादली घेऊन आल्या तरी वॉव. आठवड्याचे तीन विस्मय तो सोमवारी अकराच्या आत हातावेगळे करायचा आणि मंगळवारपासून मोकळा हिंडायचा.

आणि तेजल होती.

*सोमवार. साहित्य : डायनासोर. तेजल : विस्मय नाही. "मॅम, ह्याचा सेल कुठेय?"*

*मंगळवार. साहित्य : डायनासोर. तेजल : सेल सापडला. डायनासोर बंद.*

*बुधवार. साहित्य : बुडबुडे. तेजल : गैरहजर. (वर्गात होती. भिंतीजवळ होती.)*

फोटोत तेजलचा चेहरा असा यायचा, जणू कुणी तिला वीजबिल तपासायला दिलंय. डोळे बारीक, ओठ घट्ट मिटलेले, हात पाठीमागे.

पहिली तक्रार मात्र तिच्या घरून आली नाही. ती पालकांच्या ग्रुपवर आली.

*अनुयाची आई : मॅम, अनुयाला काल विस्मय वाटला होता. नोंद दिसत नाहीये.*

*माया मॅम : ताई, ती जांभई होती.*

*अनुयाची आई : जांभई नाही. ती घरीही अशीच थक्क होते.*

*विक्रांतचे बाबा : विक्रांतचा वॉव सेम टू सेम शौनकसारखा होता. त्याला स्टार, ह्याला नाही. क्या बात है, पार्शालिटी चालू आहे का?*

*अनुयाची आई : फोटो झूम करा. डोळ्यांत पाणी आहे. भरून आलंय.*

*माया मॅम : जांभईनंतर येतं ताई.*

दुपारपर्यंत अठ्ठ्याण्णव मेसेज झाले. वृंदा मॅडमनी डोकं धरलं आणि घरी जाऊन सासऱ्यांना सांगितलं. इथून गोष्ट बिघडली, कारण सासऱ्यांना ती समजली.

विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यातून तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी सुट्या भागांची मापं घेतली होती. निवृत्तीनंतर घरात मोजण्यासारखं जे होतं ते पहिल्या दोन महिन्यांत मोजून संपलं. दुसऱ्या दिवशी ते शर्टाच्या खिशाला पेन लावून शाळेत हजर झाले.

"विस्मय होतो तेव्हा दृश्य बदल काय होतो?" त्यांनी मायाला विचारलं.

"काका, तसं सांगता नाही येत. मूल असं... थांबतं."

"थांबणं मोजता येत नाही. आणखी?"

"काही मुलं आ वासतात."

"हां! ते माप आहे." त्यांनी लगेच वही काढली. "माया, आम्ही चौतीस वर्षांत एक पीस डोळ्यांनी पास केला नाही. मापाचा गेज लावायचा. गेला तर गेला, नाही गेला तर नाही. भांडण नाही, तंटा नाही."

हस्तकलेच्या डब्यातून त्यांनी आइस्क्रीमची एक चपटी कांडी घेतली, तिच्यावर ब्लेडनं खाचा पाडल्या आणि पॉलिश पेपरनं कडा घासून घेतल्या. बालकाच्या उघड्या तोंडासमोर ही कांडी उभी धरायची. कोष्टक त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून जिराफाच्या खांबाला चिकटवलं :

*२२ मि.मी.पेक्षा कमी — सौम्य कुतूहल. रिजेक्ट.*

*२२ ते २८ — विस्मय. पास.*

*२८ ते ३२ — संशयास्पद. पुन्हा दाखवा.*

*३२ च्या वर — जांभई.*

पहिल्याच दिवशी तेवीस मुलं एका फटक्यात पास झाली. कांडी आइस्क्रीमची आहे, हे त्यांनी लांबून ओळखलं होतं.

चोविसाव्या तोंडासमोर विष्णुपंत बराच वेळ कांडी धरून उभे राहिले. तेजल आधी कांडीकडे, मग खाचांकडे आणि मग त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. ओठ मिटलेले.

"आजोबा, ही रेघ वाकडी झालीय," ती म्हणाली.

विष्णुपंतांनी कांडी डोळ्यांजवळ नेली. रेघ वाकडी झाली होती. त्यांनी वहीत लिहिलं : शून्य. आणि खाली : रीवर्क.

रीवर्कसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी, तेजलच्या वडिलांना बोलावणं गेलं. महेंद्र उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंगला होता. सेठकडून दोन तासांची सुट्टी काढून, शर्टावर निळ्या कापडाची भुकटी तशीच घेऊन तो आला. फाटकाबाहेर माया भेटली तेव्हा "जय भीम, ताई" म्हणाला आणि फाटकाच्या आत पाऊल टाकल्यावर "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणाला.

"घरी तिला काही दाखवत नाही का तुम्ही?" वृंदा मॅडमनी विचारलं.

"दाखवतो ना मॅडम. रविवारी कारखान्यात घेऊन जातो. एकेक तास मशीन बघत बसते."

"मग तिथं वॉव वगैरे म्हणते?"

"तिथं कसं म्हणणार?" महेंद्र हसला. "तोंड उघडलं की भुकटी जाते ना आत. मीच शिकवलंय तिला. बेटा, काही भारी दिसलं की तोंड बंद, हात मागे. बस देखने का."

माया एकदम ताठ उभी राहिली. "मॅडम, म्हणजे ती तोंड मिटते तेव्हाच तिला..."

"तेव्हाच काय?"

"तेव्हाच होतो तिला विस्मय! सारखाच होतो. दिवसभर होतो."

वृंदा मॅडमनी सासऱ्यांकडे पाहिलं. विष्णुपंतांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांनी चौतीस वर्षं अप्रामाणिकपणे कधी विचार केला नव्हता.

"मिटलेलं तोंड म्हणजे शून्य," ते म्हणाले. "शून्याला कमाल विस्मय धरला, तर ही भिंतसुद्धा पास होईल."

भिंतीचं नाव त्यांनी सहज घेतलं. पण सगळं होतं ते तिथंच.

इंद्रधनुष्याच्या भिंतीपलीकडे पार्लरचं बेसिन होतं आणि त्याचा पाइप गळत होता. रंगाखाली ओल आली होती. पिवळा पट्टा खालच्या टोकापासून रोज बोटभर हिरवा होत चालला होता. मोठ्या माणसांना त्यात गळती दिसायची. तेजल मात्र रोज आली की दप्तर ठेवायची, हात मागे घ्यायची आणि तिथं उभी राहायची.

"मॅम," एकदा तिनं मायाला खाली वाकवलं आणि कानात सांगितलं, "पिवळ्याचं हिरवं होतंय."

"हो गं."

"पण निळा कुणी घातलाच नाही."

गेल्याच आठवड्यात मायानं पिवळा आणि निळा मिसळून हिरवा करून दाखवला होता. ती भिंतीजवळ गेली आणि वाकून पाहिलं. शेवाळ होतं, मखमलीसारखं. नंतर तिच्या लक्षात आलं की आपणही ओठ मिटून घेतलेत.

दुसऱ्या दिवशी मायानं वडिलांचं, बबनरावांचं, पेपर वाचायचं भिंग आणलं. "जपून हां, त्याच्याशिवाय मला मथळेपण दिसत नाहीत," असं त्यांनी दारातून तीनदा बजावलं होतं. नावात टेलिस्कोप असलेल्या त्या शाळेत आलेली ही पहिली काच. पावणेदहाला, म्हणजे विस्मयाच्या वेळेच्या चांगली पस्तीस मिनिटं आधी आणि पूर्णपणे नियमबाह्य, मुलं एकेक करून भिंतीशी जाऊ लागली. कसं बघायचं ते तेजलनं ठरवून दिलं. हात मागे, तोंड बंद. कारण तोंड उघडलं की भुकटी जाते. भुकटी कसली, हे कुणी विचारलं नाही. शौनकसुद्धा गेला. भिंगातून बघून परत आला आणि चटईवर गप्प बसून राहिला. माया घाबरली, तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

*छायाचित्र क्र. ७ : भिंतीकडे तोंड केलेली मुले. सर्व पाठमोरी. अग्राह्य.*

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी तपासणी आली. मुख्य कार्यालयाचे विभागीय विस्मय समन्वयक राजेंद्र सर यायचे होते. आदल्या दिवशी मुलांना सुट्टी होती; मायाला बोलावून वृंदा मॅडमनी ओल लपवायला इंद्रधनुष्यावर तेवढ्याच मापाचा एक फ्लेक्स लावून घेतला. त्यावर भडक रंगात इंद्रधनुष्य होतं आणि वर लिहिलं होतं : 'आमची विस्मयभिंत'. फ्लेक्स वरून बांधला होता, खालून मोकळा होता.

"माया, तेजलचं काय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, तिला पास करा ना. पोर सगळ्यांत जास्त बघते वर्गात."

"मी केलं असतं गं. पण फोटोत काय दाखवू? तू उद्या कर काहीतरी."

शुक्रवारी राजेंद्र सर आले. टाय होता, टॅब होता, आणि आपण लहान मुलांत लहान होऊन जातो असं सांगणारं हसू होतं. दहा एकोणीसला विष्णुपंत कांडी घेऊन उभे राहिले. दहा वीसला बुडबुड्यांचं यंत्र सुरू झालं, डायनासोर डोळे मिचकावू लागला आणि वृंदा मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "मुलांनोऽ, काय दिसतंय बरं?"

काहीच उत्तर आलं नाही. चटया रिकाम्या होत्या.

बुडबुडे खांबाला आपटून फुटत होते. फ्लेक्सच्या खालच्या कडेला ओळीनं मोजे दिसत होते. अठ्ठेचाळीस पाय. आवाज एकही नव्हता. नर्सरीत असा शांतपणा फक्त काहीतरी सांडल्यावर असतो.

राजेंद्र सरांनी फ्लेक्स उचलला. चोवीस मुलं भिंतीला नाकं लावून उभी होती. हात मागे. त्यांनी सरांकडे बघितलं नाही. गुरुवारची सुट्टी मधे गेली होती, आणि तेवढ्यात शेवाळातून केसाएवढ्या बारीक दांड्या वर आल्या होत्या. शेकडो. प्रत्येकीच्या टोकाला मोहरीहून लहान एकेक टोपी.

"स्टार्ट करा," सर विष्णुपंतांना म्हणाले.

विष्णुपंत खाली वाकले आणि एकेका तोंडासमोर कांडी धरत गेले. शून्य. शून्य. शून्य. शौनक, शून्य. अनुया, जांभईसुद्धा नाही, शून्य. चोवीस झाल्यावर त्यांनी मुलांची नजर कुठं आहे ते पाहिलं. मग चष्मा वर केला आणि भिंतीजवळ गेले. बराच वेळ ते तसेच राहिले.

"आजोबा, हात मागे," तेजल हळूच म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतले.

मायाला वाटलं, आता काका सांगतील. काका सरळ झाले, खिशातून पेन काढलं आणि वहीत चोवीस शून्यं लिहिली. मापाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, स्वतःचंही नाही.

अहवाल दुपारीच आला.

*निष्कर्ष : वर्गात विस्मय आढळला नाही. ओल आढळली.*

*कार्यवाही : ओल तातडीने काढावी. सर्व बालकांची फेरतपासणी सोमवारी.*

ओल काढायला माणसं शनिवारी आली. त्यांनी इंद्रधनुष्य खरवडलं, काळं रसायन लावलं, वर पांढरा रंग मारला. पार्लरचा पाइप बदलला. काम चोख झालं, त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

तेवीस मुलांची चिंता नव्हती. त्यांना वॉव येत होतं, फक्त आठवण करून द्यायची होती. राहिली एक. सोमवारी सकाळी महेंद्र तिला घेऊन लवकरच आला आणि फाटकाबाहेरच थांबला.

"ताई, तुम्हीच शिकवा तिला. मी दोन दिवस सांगतोय, ती उलट मलाच विचारते. वर्ष जाईल पोरीचं."

मायानं तेजलला जवळ बसवलं.

"तेजू, आ कर बघू."

"काय दाखवणार?"

"काही नाही."

"मग का करू?"

मायानं सहा वर्षांत मुलांच्या हजार प्रश्नांची उत्तरं दिली होती. चंद्र आपल्या मागे का येतो, मावशींना मिशी का आहे, सगळ्यांची. हे उत्तर तिनं खांबाच्या ठिपक्यांकडे बघत दिलं.

"ज्युनिअर केजीत जायला," ती म्हणाली.

तेजलनं त्यावर विचार केला. "तिकडे भुकटी नसते?"

"नसते."

"बरं."

दहा वीसला फेरतपासणी झाली. तेजलला नव्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं, कारण उजेड तिथं चांगला होता. समोर काहीच नव्हतं. वृंदा मॅडमनी मावशींना फोन धरायला दिला, विष्णुपंतांनी कांडी धरली. मायानं मान हलवली आणि तेजलनं तोंड उघडलं.

"पंचवीस," विष्णुपंत म्हणाले. "नेमकं पंचवीस." चौतीस वर्षांत इतका अचूक पीस त्यांच्या हाताखालून गेला नव्हता.

"वॉव," तेजल म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फाटकाबाहेर महेंद्रनं डोळे पुसले. वृंदा मॅडमनी तिला उचलून गोल फिरवलं आणि पुन्हा खाली ठेवलं, तरी तिचं तोंड तसंच उघडं होतं. मग तिनं मायाचा दुपट्टा ओढला. उघड्या तोंडानं बोलायला तिला त्रास होत होता.

"मॅम, आता मिटू?"

तो व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा आहे. 'चिमुकल्या डोळ्यांतलं आश्चर्य' असं त्यावर लिहिलंय आणि मागे बासरी वाजते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो तुमच्याकडेही आला असेल. तेजलचा प्रश्न शेवटच्या दोन सेकंदांत आहे, नीट ऐकू येतो. तुम्ही चौथ्या सेकंदाला "किती गोड" म्हणून अंगठा दिलात आणि पुढचा व्हिडिओ लावलात.